कर्नल पडला!

'पडणे' या क्रियापदावर मराठी माणसाचा फार जीव. पाऊस पडतो, थंडी पडते, बाजारात भाव पडतात, विधानसभेत सरकार पडते, मुलगा प्रेमात पडतो आणि बाप कर्जात. हे सारे पडतात, पण त्यांतले उंचावरून खाली आलेले असे एकट्या पावसावाचून कोणीच नाही. यंत्राच्या बाबतीत तर आपण आणखीच सावध. यंत्र मेले असे आपण सहसा म्हणत नाही. ते 'बंद पडले' म्हणतो. बंद पडलेले पुन्हा सुरू होईल, ही आशा त्या शब्दातच थोडी शिल्लक ठेवलेली असते. वीस वर्षे वर्गात मराठी शिकवल्यावर असल्या शब्दांकडे कान आपोआप टवकारतात. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी राहणारा माझा भाचा फोनवर कुणाला तरी "काल रात्री परत कर्नल पडला?" असे विचारीत होता, तेव्हा माझ्या हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खाली राहिला.

आमच्या आईने त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. आकुर्डीहून देहूरोडची छावणी ती किती लांब! "कुठे रे पडले? या वयात हाड मोडलं तर लवकर सांधत नाही," ती कळवळून म्हणाली. भाचा हसून हसून बेजार झाला. मग त्याने आजीला समजावले, की हा कर्नल लष्करातला नव्हे, संगणकातला. आईचे समाधान झाले, पण कुतूहल मात्र माझे जागे झाले.

नारळाला जशी करवंटी आणि आत खोबरे, तसे संगणकालाही बाहेरचे कवच आणि आतला गर अशी कल्पना हे यंत्र घडवणाऱ्यांनी केली. आपण ज्याच्याशी बोलतो ते कवच. आत बसून सगळा संसार चालवतो तो गर, म्हणजे कर्नल. मी त्याला 'गाभा' म्हणतो. एकत्र कुटुंबातल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेल्या कर्त्या बाईसारखा हा गाभा असतो. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कोणाची पाळी आता आणि कोणाची नंतर, पडदा कोणी वापरायचा, तबकडीवर कोणी लिहायचे, हे सगळे त्याच्या हाती. एखादा प्रोग्रॅम आपली पायरी सोडून दुसऱ्याच्या ताटात हात घालू लागला, तर गाभा त्याला मुकाट्याने घराबाहेर काढतो आणि बाकीचे जेवण निर्वेध चालू राहते. पण खुद्द गाभ्याचाच हात भलत्या ठिकाणी पडला तर? त्याच्यावर कोणी नाही. मग तो एकच शहाणपणाची गोष्ट करतो. हातातले काम टाकून जागच्या जागी थांबतो.

हे थांबणे हेतुपुरस्सर असते, ही गोष्ट मला फार आवडली. लिनक्स या प्रणालीचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. (त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा 'परम ८०००' तयार झाला, हे आपल्या लोकांनी विसरू नये.) या लिनक्सच्या गाभ्याचे काही चुकले, तर तो पडद्यावर पहिला उद्गार काढतो तो 'उप्स', म्हणजे आपल्या भाषेत 'अरेच्चा!' चूक निभावून नेण्यासारखी असेल तर तेवढ्यावर भागते. नसेल तर दुसरा शब्द येतो, 'पॅनिक', म्हणजे गाळण उडाली. त्याच्यापुढे आणखी दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ असा, की हातात असलेला मजकूर मी आता तबकडीवर उतरवणार नाही. ज्याचे डोके ठिकाणावर नाही त्याने मृत्युपत्रावर सही करू नये, हा कायद्यातला नियम या यंत्राला कोणी शिकवला कोण जाणे. पण तो त्याला पक्का ठाऊक आहे. चुकीचे लिहून ठेवण्यापेक्षा न लिहिता मेलेले बरे.

विंडोज वापरणाऱ्यांच्या घरी हाच प्रसंग निळ्या पडद्याच्या रूपाने येतो. वर्षानुवर्षे निळा असलेला हा पडदा २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने काळा केला. सुतकाला हा रंग अधिक शोभतो, एवढेच मी म्हणेन. पण तो निळा पडदा साऱ्या जगाने एकाच दिवशी पाहिला, तो शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी. विमानतळांवर रांगा लागल्या आणि आपल्याकडच्या प्रवाशांना कित्येक वर्षांनी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते वाचकांना आठवत असेलच. त्या दिवशी हल्ला वगैरे काही झालेला नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचे राखणदार सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसून पहारा करते. त्याला आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी माहितीची एक नवी फाइल पाठवण्यात आली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधली अठ्ठ्याहत्तर मिनिटे पुरेशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रे पडली.

कारण काय, तर एकवीस आणि वीस! आम्ही मोरया गोसाव्यांच्या चिंचवडच्या शेजारचे, म्हणून मला हे मोदकांच्या हिशेबाने चटकन समजले. नैवेद्याच्या यादीत एकवीस मोदक लिहिलेले, ताटात वाढले होते वीसच. आजवर एकविसाव्याच्या जागी 'कोणताही चालेल' असा शेरा असे, म्हणून तो कोणी कधी मोजलाच नव्हता. त्या दिवशीच्या फाइलने प्रथमच एकविसावा तपासायला सांगितले. राखणदाराने ताटाबाहेर हात घातला. तेथे मोदक कसला, भलतीच जागा! आणि हा हात गाभ्यात बसलेल्याचा असल्यामुळे अख्खे यंत्र आडवे झाले. बरे, पुन्हा चालू करावे तर राखणदार अगदी सुरुवातीलाच जागा होणारा. तो उठे, तीच फाइल वाची आणि पुन्हा पडे. शेवटी माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने पुसली. ज्या तबकड्यांना कुलूप होते त्यांच्यासाठी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टिपून टिपून घालावी लागली.

चाकणच्या संग्रामदुर्गाची मला या वेळी आठवण झाली. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो चिमुकला भुईकोट शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे सुमारे दोन महिने झुंजवला. तटावरून तो पडला नाही. खानाने जमिनीखालून सुरुंग नेला आणि बुरूज उडवला, तेव्हा पडला. गाभ्याचे असेच आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमांना तट ओलांडता येत नाही. पण तटाखाली ज्यांना आपणच जागा दिली, त्या ड्रायव्हर नामक मंडळींपैकी एकाचा जरी पाय घसरला तरी बुरूज जातो. ड्रायव्हर म्हणजे छापखान्याचे यंत्र, कॅमेरा, जाळ्याचे कार्ड अशा एकेका उपकरणाची भाषा जाणणारा दुभाषा. उपकरण जितके दुर्मीळ, तितका त्याचा दुभाषा कमी पारखलेला.

आता भाच्याच्या फोनकडे वळतो. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक मध्यम कारखाना आहे. तेथे तयार भाग पट्ट्यावरून सरकत जातात, वर कॅमेरा असतो आणि लिनक्सवर चालणारा एक औद्योगिक संगणक प्रत्येक भागाचे चित्र पाहून बरा-वाईट ठरवतो. हा संगणक जुलै महिन्यात रात्री-बेरात्री पडू लागला. पडला की दहा सेकंदांत आपला आपण पुन्हा उठे, पण तोवर पट्ट्यावरचा माल तपासलेला की न तपासलेला हे कळेनासे होई आणि सगळी खेप पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागे. पुढच्या मोठ्या कारखान्यात माल वेळेवर गेला नाही की दंड. तेथला देखभालीचा इंजिनियर माझ्या भाच्याचा वर्गमित्र. आमच्या या पट्ट्यात निगडीपासून चाकणपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहा, आत आपल्या कोणाचा तरी वर्गमित्र असतोच. भाचा हिंजवडीला एका कंपनीत हेच काम करतो, म्हणजे पडलेल्या गाभ्यांचे पंचनामे. म्हणून मित्राने त्याला गळ घातली होती.

"कारण त्यांनी शोधलंय म्हणे," भाचा मला म्हणाला. "रात्रपाळीचा एक कंत्राटी मुलगा आहे. तो संगणकाला मोबाइल लावून चार्ज करतो, असा सुपरवायझरला संशय आहे. पडायचं ते त्याच्याच पाळीत पडतं. त्याची पाळी बदलली की यंत्र ठणठणीत."

दोनच दिवसांनी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. नवरा गेल्यापासून त्या पोळीभाजीचे डबे करतात. मुलगा आयटीआय झालेला, चाकणला कंत्राटी कामावर. "सर, चार दिवसांची हजेरी कापली हो त्याची. ठेकेदार म्हणतो, यंत्राला हात लावतो कबूल कर, नाहीतर पहिल्या तारखेपासून येऊ नकोस. तो शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का तिकडे?"

कारखाना तोच. मुलगा तोच. मी भाच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. पण त्या रात्रीपासून त्याने ते काम मित्रावरच्या उपकारासारखे करणे सोडून दिले.

मला त्याची रीत पाहायला मिळाली ती अशी. आधी हाती होते ते सुपरवायझरने मोबाइलवर काढलेले पडद्याचे दोन फोटो. भाच्याने ते पाहून बाजूला ठेवले. "मामा, यात शेवटच्या ओळी आहेत. मला पहिली 'अरेच्चा' पाहिजे. एकदा तोल गेला की मागाहून माणूस काय काय बरळतो त्याला अर्थ नसतो." पहिली ओळ वर सरकून नाहीशी झाली होती आणि यंत्र दहा सेकंदांत उठत असल्यामुळे पुरावा दर वेळी धुऊन निघत होता.

यावर एक फार सुंदर तोड आहे. यंत्राच्या स्मरणातला एक कोपरा आधीपासूनच राखून ठेवायचा आणि तेथे एक दुसरा, छोटा गाभा निजवून ठेवायचा. पहिला पडला की हा उठतो. तो पहिल्याच्या स्मरणाला धक्का लावीत नाही; त्या क्षणी ते जसे होते तसे उतरवून एका फाइलीत ठेवतो आणि मगच यंत्र पुन्हा चालू करतो. या व्यवस्थेला केडम्प म्हणतात. ती २००५ साली लिनक्समध्ये आली. त्याच साली कॅनडात ओटावाच्या परिषदेत तिच्यावर निबंध वाचला गेला, त्याच्या तीन लेखकांत एरिक बीडरमन यांच्याबरोबर विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ ही दोन नावे आहेत. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून दुसऱ्याला पंचनाम्याला बसवायचे, आणि तेही पहिला धडधाकट असतानाच नेमून ठेवायचे! आमच्या विद्यापीठाच्या परीक्षाविभागाला हे सुचते तर किती बरे झाले असते. असो.

केडम्प बसवला. दरम्यान एका गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, यंत्राच्या स्मरणाच्या चिपांची दिवसभर परीक्षा घेतली. त्या निर्दोष निघाल्या. मग वाट पाहणे. वहिनींच्या मुलाची रात्रपाळी पुन्हा लागली आणि तिसऱ्या रात्री पहिली फाइल हाती आली. दोन रात्रींनी दुसरी.

आणि दोन्हींत मरणाची कारणे निराळी! पहिल्यात जाळ्याच्या कार्डाचा दुभाषा काम करता करता पडलेला. दुसऱ्यात तबकडीवर लिहिणारा. पडण्याच्या क्षणी कोण कोणाच्या सांगण्यावरून काय करीत होता याची एक उतरंड गाभा लिहून ठेवतो. मला तुमच्या काकूंनी सांगितले, काकूंना दूधवाल्याने, दूधवाल्याला गुरख्याने, अशी ती असते आणि तळापासून वर वाचायची असते. दोन्ही उतरंडींत कॅमेऱ्याचे नाव नाही, कशातच साम्य नाही. मी म्हटले, "मग ही दोन दुखणी असतील." भाच्याने मान हलवली. "दोन निरोगी माणसं एकाच घरात, एकाच वेळेला, निरनिराळ्या रोगांनी मरत नाहीत. यांना कोणीतरी तिसऱ्यानं मारलंय. जो पडला तो नुसता त्या वेळी तिथे उभा होता."

मात्र एक गोष्ट त्या पहिल्याच फाइलीने त्या रात्रीपुरती निकालात काढली. संगणकाला मोबाइल जोडला की गाभा त्याची नोंद करतो. नवे उपकरण आले, अमुक कंपनीचे, अमुक क्रमांकाचे, अशी ओळ वेळेसह लिहितो. यंत्र चालू झाल्यापासून पडेपर्यंतची रोजनिशी भाच्याने ओळीने वाचली. तशी एकही नोंद नव्हती. दुसऱ्या फाइलीतही नव्हती. त्याने मित्राला तेवढेच कळवले. सुपरवायझरचे उत्तर आले, की मोबाइल नसेल तर दुसरे काही करीत असेल. पडते त्याच्याच हातून ना?

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. बेअरिंग वाजू लागले की ते मोठ्या स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राच्या अंगाला टेकवीत आणि दांडा कानाशी धरीत. आवाज सगळ्या यंत्रातून येतो, पण त्या पोलादी कांडीतून ऐकला की कोणत्या बेअरिंगचा ते कळते. यंत्रावर काम करणाऱ्याला मात्र ते आधी हमखास विचारीत, "हे वाजायला लागलं तेव्हा तू काय करत होतास?" हे विचारण्याचा त्यांचा सूर असा असे, की समोरच्याला आपली उलटतपासणी चालली आहे असे वाटू नये. भाच्याने आजोबांना कामावर कधी पाहिले नाही. पण रविवारी दुपारी आमच्या गॅलरीत वहिनींच्या मुलाला समोर बसवून त्याने विचारले ते नेमके हेच.

"चहाला गेलेलो असतो," मुलगा म्हणाला. "अडीचला वीस मिनिटं सुट्टी असते. परत येतो तर पडदा नव्यानं चालू होत असतो. नाहीतर आल्यावर थोड्या वेळानं जातो."

"आणि पट्टा?"

"पट्टा बंद करून जातो."

"सगळेच बंद करतात?"

मुलगा घुटमळला. दुसऱ्यांची चहाडी होईल की काय असे त्याला वाटले असावे. "पाटीवर लिहिलंय तसं. जागा सोडताना पट्टा बंद करावा. बाकीचे... रिकामा फिरू देतात. दिवसपाळीला बदली माणूस येतो, तेव्हा तो थांबतच नाही."

भाचा उठून सरळ आत गेला. चहा गॅलरीतच निवला.

पट्टा फिरत असला की त्याच्यावर माल असो वा नसो, कॅमेऱ्याच्या कार्डाला चाकाची टिकटिक पोचत राहते. ती दहा मिनिटे थांबली की कार्डाचा दुभाषा वीज वाचवण्यासाठी कॅमेऱ्याला निजवीत असे. हा दुभाषा लिनक्सच्या मूळ कुटुंबातला नव्हे, बाहेरून आणून बसवलेला. अशा बाहेरच्याला आत घेतले की गाभा स्वतःवर एक शिक्का मारून घेतो आणि पडताना तो शिक्का दाखवतो. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे त्याला 'ओवळा' याहून चांगला मराठी प्रतिशब्द मला सुचत नाही. बाहेरच्याने आपला मजकूर उघड न करता पाऊल ठेवले असेल, तर लिनक्सवाले पुष्कळदा तक्रारच ऐकून घेत नाहीत. सोवळे-ओवळे आमच्या घरातून गेले त्याला दोन पिढ्या झाल्या. ते संगणकात जाऊन बसले असेल असे वाटले नव्हते. पण या सोवळ्यामागे तर्क आहे. जे वाचायला मिळत नाही त्याची हमी कोण देणार? सुदैवाने या दुभाष्याचा मजकूर कारखान्याकडे होता.

भाच्याने तो मजकूर वाचला आणि मग एक सापळा लावला. गाभा एखाद्या कामासाठी स्मरणातली जागा देतो आणि काम संपले की ती परत घेऊन दुसऱ्याला देतो. सांगितले, तर तो परत आलेली प्रत्येक जागा एका ठरावीक खुणेने भरून ठेवतो. ती खूण आकड्यांत '६बी' अशी असते, ६बी ६बी ६बी, ओळीने. रिकाम्या केलेल्या खोलीला आतून ओला गेरू फासून ठेवावा, तसे हे आहे. खोली सोडली म्हणणारा भाडेकरू मागच्या दाराने पुन्हा शिरला, तर त्याचे हात तांबडे होतात. ही सोय चालू केली की यंत्र थोडे मंदावते म्हणून एरवी कोणी करीत नाही. मित्राने वरिष्ठांकडून तीन रात्रींची परवानगी काढली.

दुसऱ्या रात्री, २ वाजून ४१ मिनिटांनी, गाभा पडला. या खेपेस उतरंडीच्या माथ्यावर कॅमेऱ्याचाच दुभाषा होता आणि ज्या पत्त्यावर तो हात घालीत होता तो पत्ता होता ६बी ६बी ६बी ६बी. हात तांबडे!

घडत होते ते असे. कॅमेऱ्याला निजवताना दुभाषा आपली नोंदवही फाडून जागा परत करी. पण दर काही सेकंदांनी त्या वहीत आकडा मांडायला लावलेला गजर बंद करायला विसरे. गजर वाजे, दुभाषा झोपेतच उठून वही जेथे होती तेथे आकडा मांडी. तेथे आता दुसऱ्याचा संसार असे. कधी जाळ्याच्या कार्डाच्या वहीत आकडा पडे, कधी तबकडीवाल्याच्या, कधी कोणाच्याही नाही. मग ते बिचारे आपली वही उघडीत, भलताच आकडा वाचीत आणि कोसळत. म्हणून प्रेत दर वेळी निराळे. आणि म्हणूनच एखाद्या रात्री काहीच होत नसे. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. आधी गजर बंद करायचा आणि तो खरोखर थांबला याची खात्री करून घ्यायची. मग वही फाडायची. पूर्वी हा क्रम उलटा होता, आणि पहिली ओळ तर नव्हतीच.

हे सारे चालले असताना भाच्याने मला गाभ्याच्या मूळ मजकुरातले एक पान उघडून दाखवले होते. गाभा चालू असतानाच त्याला थांबवून, दुसऱ्या यंत्रावरून तारेने त्याची नाडी पाहण्याची एक सोय लिनक्समध्ये आहे, तिला केजीडीबी म्हणतात. तिचे काम पुढे नेणाऱ्यांत पुण्याच्या अमित काळे यांचा मोठा हात. आधी व्हेरिटासमध्ये आणि मग लिनसिससॉफ्ट या आपल्या कंपनीतून त्यांनी ते सांभाळले. टॉरवाल्ड्स यांना असली हत्यारे मुळात नापसंत. यंत्र थांबवून पाहत बसण्यापेक्षा मजकूर वाचून विचार करावा, असे त्यांचे मत. त्यामुळे केजीडीबी कित्येक वर्षे उंबरठ्याबाहेरच राहिली. २००८ साली जेसन वेसेल यांनी ती नव्याने मांडली तेव्हा घरात आली. त्या फाइलीच्या माथ्यावर '२००३-२००४, अमित एस. काळे' असे आजही लिहिलेले आहे. जगभर जेथे जेथे लिनक्सचा मूळ मजकूर जातो तेथे तेथे हे काळे जातात. मराठी साहित्याच्या भाग्यात एवढा खप नाही. चाकणच्या यंत्रावर मात्र ती सोय चालली नसती, कारण तिला गाभा थांबवून ठेवावा लागतो आणि पट्टा कोणासाठी थांबत नाही.

यंत्र बनवून देणाऱ्यांनी दुरुस्ती मान्य केली आणि नवा दुभाषा पाठवला. त्यासोबतच्या टिपणात 'काही स्थैर्यविषयक सुधारणा' एवढेच होते. ऑगस्टअखेरपासून यंत्र पडलेले नाही. मुलाला पहिल्या तारखेला कामावर येऊ नकोस असे कोणी म्हटले नाही. येऊ नकोस असे पूर्वी म्हटले होते, हेही आता कोणाला आठवत नाही. तो अडीचला पट्टा बंद करून चहाला जातो.

चार दिवसांच्या हजेरीचा प्रश्न मात्र राहिला. भाच्याचा अहवाल इंग्रजीत, सात पानी, आकड्यांनी भरलेला. ठेकेदाराच्या हापिसातला कारकून तो उलटसुलट करून म्हणाला, "यात ह्याचं नाव कुठाय?" खरेच नव्हते. गाभ्याच्या रोजनिशीत पट्टा कोणी थांबवला याची नोंद नसते. तेव्हा वहिनी पुन्हा वर आल्या आणि अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दोन संध्याकाळी मी त्यावर घालवल्या. '६बी' काढून टाकले, गजर आणि वही ठेवली. 'अर्जदाराने यंत्रास हात लावल्यामुळे' या ठेकेदाराच्या वाक्याच्या जागी 'अर्जदाराने पाटीवरील सूचनेप्रमाणे पट्टा बंद केल्यावर, यंत्रातील दोषामुळे' असे लिहिले, आणि 'केल्यामुळे' व 'केल्यावर' यांतला फरक मुलाला समजावून सांगितला, कारण त्याला तेथे उभे राहून तो सांगावा लागणार होता. अर्ज १२ सप्टेंबरला दिला. पोच घेतली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. दिवाळीच्या आधी मी स्वतः एकदा त्याच्याबरोबर चाकणला जाणार आहे.